स्मरणशक्तीच्या आधी कान तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उभं आयुष्य घालवलेल्या माणसांशी बोलायचं तर जवळ जाऊन, आवाज चढवूनच बोलावं लागतं. मागांचा खडखडाट ९० डेसिबलच्या पुढे जातो. तो वर्षानुवर्षं सोसला की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी ‘स’, ‘फ’सारखे बारीक ध्वनी जातात. म्हणजे आवाज येतो, पण शब्द लागत नाही. सून एक विचारते, आजोबा भलतंच सांगतात, आणि घरात निकाल लागतो: म्हातारं भ्रमलंय.

दुर्लक्ष झालं तर पुढे ते खरंही ठरू शकतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, त्यांतल्या बहिरेपणाचा एकूण रुग्णांमागे वाटा सुमारे ७ टक्के धरला आहे. अर्धवट आवाज जुळवतानाच मेंदू थकतो आणि माणूस हळूहळू चारचौघांत बसणंच सोडतो. कानाचं मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, हा काही रामबाण नव्हे. श्रवणयंत्रांच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी राहिली. त्यांना नुसतं यंत्र दिलं नव्हतं, श्रवणतज्ज्ञ सोबतीला होते.

आपली मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ३,००० रुपये देते. हेतू चांगला आहे, पण एवढ्यात धड डिजिटल मशीन येत नाही. येतं ते सरसकट आवाज वाढवणारं. त्यात भांडं पडलं तरी कानठळ्या बसतात, मग ते कपाटात जातं. श्रवणयंत्राला चष्म्याच्या पंक्तीत बसवलं, तिथंच गफलत झाली.

म्हणून पैशाआधी तपासणी द्या. शहरातल्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दिवस ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची मोजणी, ठेवा, आणि मशीन बसवल्यावर ते जुळवून द्यायला पुन्हा बोलवा. स्मरणशक्तीची चाचणी कान तपासल्याशिवाय घेऊच नये, असं परिपत्रक काढायला तर खर्चही नाही. आणखी एक. इथल्या कित्येक विणकरांची घरची भाषा तेलुगू. आधीच कमी ऐकू येणाऱ्याला मराठीतून प्रश्न विचारून गुण कापले, तर त्या गुणांना काय अर्थ? तेव्हा पूर्व भागातल्या केंद्रांवर तेलुगू बोलणारा एक तरी माणूस नेमावा, ही विनंती.

आपला,
पूर्व भागातला एक रहिवासी