स्कीइंगला जाताना बूट घरचे, स्की तिथल्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळा जवळ आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये गुलमर्गचे फोटो झळकू लागतात आणि सोबत ठरलेला सल्ला येतो: सामानाची चिंता नको, सगळं तिथे भाड्याने मिळतं. स्लेजवर बसून तासाभराने परतणाऱ्यांना तो पुरेसा आहे. पण सह्याद्रीत घडलेले कितीतरी ट्रेकर आता आठवडाभर मुक्काम करून स्कीइंग शिकायला जातात, एकदा शिकले की पुन्हा जातात. त्यांचे पैसे आणि दिवस मुख्यतः दोन ठिकाणी वाया जातात: विमानातल्या जादा सामानात आणि पायाला न बसणाऱ्या बुटांत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

तारखांपासून सुरुवात करू. २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंतचे सुमारे चाळीस दिवस काश्मिरात ‘चिल्लई कलान’ म्हणजे सर्वांत कडक थंडीचे. तरीही नाताळच्या सुट्टीत स्कीइंग ठरवू नये. बर्फाचा तळाचा थर बसायला वेळ लागतो, आणि २०२४ च्या जानेवारीत तर सुरुवातीचे काही आठवडे गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. मधला जानेवारी ते फेब्रुवारीअखेर हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. बर्फ भरपूर पडला तर वेगळी अडचण असते: श्रीनगरची विमानं धुक्यामुळे आणि बर्फामुळे रद्द होतात, आणि गोंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा, वरचा टप्पा वाऱ्यात किंवा हिमस्खलनाच्या धोक्यात बंद राहतो. चार दिवस खरोखर स्कीइंग करायचं असेल तर मुक्काम सात दिवसांचा धरा. परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला उतरून या. टनमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात साखळ्या लावलेल्या गाडीशिवाय चालत नाही, आणि पहाटे तशी गाडी मिळेलच असं नाही.

आता बूट. स्कीच्या बुटाचं कवच कडक प्लॅस्टिकचं असतं, आणि आपण गुडघा वळवतो ती हालचाल याच कवचातून स्कीच्या कडेपर्यंत पोहोचते. आत पाय अर्धा सेंटिमीटर जरी सरकत असला तरी वळण उशिरा लागतं, नडगी सोलून निघते, आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. भाड्याचे बूट शेकडो पायांनी दबून सैल झालेले असतात. लांब आणि अरुंद पायांना, तसंच अगदी लहान मापांना तिथे निवड फारशी नसते. म्हणून दुसऱ्यांदा जाणाऱ्याने सर्वांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे स्वतःचे बूट. स्कींना घाई नाही.

माप मोंडो पद्धतीचं, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. दुकानात आतलं अस्तर काढून रिकाम्या कवचात पाय घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर माप बरोबर. त्याहून जास्त उरली तर बूट मोठा आहे. ‘जाड मोजे घालू’ म्हणून तो घेऊ नका. मोजा एकच, पातळ, लोकरीचा किंवा सिंथेटिक, नडगीपर्यंतचा. उबेसाठी दोन मोजे घालण्याची आपल्याकडची सवय इथे उलटते. पाय आवळला जातो, रक्त कमी पोहोचतं, बोटं लवकर गारठतात आणि दोन मोज्यांच्या घर्षणाने फोड येतात.

हे बूट चेक-इन सामानात देऊ नयेत. देशांतर्गत उड्डाणात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिनमध्ये चालतात. बुटांचा जोड साडेतीन ते साडेचार किलोंचा, हेल्मेट अर्ध्या किलोचं, त्यात गॉगल आणि हातमोजे धरले तरी ७ किलोंत बसतं. बूट आडवे ठेवले तर ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या बॅगेत मावतात. जाकीट अंगावर घाला. तपासणीला बकलांमुळे बॅग उघडायला सांगतात, म्हणून बूट वरच ठेवा. चेक-इन बॅग चुकून दुसऱ्या शहरात गेली तरी स्की, काठ्या, कपडे तिथे उसने मिळतात. पायाला बसवलेले बूट मिळत नाहीत.

स्वतःचे बूट आणि भाड्याच्या स्की, ही जोडी जमवताना एक गोष्ट तपासायलाच हवी. बुटांचे तळवे एकसारखे नसतात. साध्या आल्पाइन, म्हणजे फक्त उतरण्याच्या, बुटाचा तळ आयएसओ ५३५५ प्रमाणाचा, चढाईच्या टूरिंग बुटाचा ९५२३ चा, आणि चालायला सोपा, वक्र रबरी तळ ग्रिपवॉकचा. बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा खटका म्हणजे बाइंडिंग. जुन्या आल्पाइन बाइंडिंगमध्ये टूरिंगचा बूट कधी कधी अडकवता येतो, पण पडल्यावर सुटत नाही, आणि मग सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो. दुकानदाराला आपल्या तळाचा प्रकार सांगा. टाचेजवळ कोरलेली तळाची मिलिमीटरमधली लांबी दाखवा, ३०५ किंवा ३१५ असा आकडा असतो. वजन, उंची, वय आणि आपली पातळी खरी सांगा, कारण बाइंडिंग किती जोराने सुटावं हे यावरून ठरतं. वजन कमी सांगण्यात शान नाही आणि कौशल्य वाढवून सांगण्यात तर धोकाच आहे. नंतर स्कीच्या कडांवरून नख फिरवून गंज पाहा आणि ब्रेकचे दोन्ही पाय मोकळे उघडतात का ते बघा.

स्वतःच्या स्की न्यायच्या कोणी? गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या उतारावर न मळलेल्या बर्फात उतरणाऱ्यांनी. तिथे पावलाखाली १०० मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची स्की लागते, आणि नवशिक्यांच्या भाड्याच्या स्की ७०-८० मिलिमीटरच्या असतात. अशा रुंद स्की बाइंडिंगसह ६ ते ७ किलो, चाकांची बॅग ३ किलो, फावडं, बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची काठी, स्कीच्या काठ्या मिळून दीड-दोन किलो. कपडे भरण्याआधीच १५ पैकी साडेदहा ते बारा किलो संपले. कंपनीचा खेळसाहित्याचा नियम तिकीट काढण्यापूर्वी वाचा आणि जागा आधी नोंदवा. काउंटरवर किलोमागे पैसे मोजणं सर्वांत महाग पडतं. एकच बॅग ३२ किलोंपलीकडे नको. गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणवर्गाला जाणाऱ्यांना तर साहित्य वर्गातच मिळतं, त्यांनी स्की उचलून नेऊच नयेत.

बॅग स्कीपेक्षा दहाएक सेंटिमीटर लांब घ्यावी. दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून दोन ठिकाणी पट्ट्यांनी बांधा. टोकं, शेपटं आणि बाइंडिंग यांभोवती कपडे गुंडाळा. काही कंपन्या स्कीच्या बॅगेत कपडे चालू देत नाहीत, तेही आधी पाहा. बॅगेचे बाहेर लोंबणारे बंद विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्याच्या यंत्रात अडकून बॅग फाडतात, ते आत खोचा. परत येताना स्की कोरड्या पुसूनच भरा. ओल्या स्की मुंबईच्या दमट हवेत दोन दिवस बॅगेत राहिल्या की कडा गंजतात. ही बॅग बहुधा वेगळ्या, मोठ्या सामानाच्या जागी येते. मुख्य पट्ट्यावर दिसली नाही म्हणून घाबरू नका, पण खरोखर आली नसेल तर विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते.

काठ्या, कानस, बहुअवजार हे सगळं चेक-इनमध्ये. पॉवर बँक, गरम होणाऱ्या हातमोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच. स्टोव्हचा गॅस कुठेच नाही. हिमस्खलनात सापडल्यावर फुगणाऱ्या पाठपिशवीची (एअरबॅगची) गॅसनळी आंतरराष्ट्रीय नियमांत माणशी एक चालते, पण विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते. ती लेखी घ्या आणि छापील प्रत जवळ ठेवा. सुपरकपॅसिटरवर, म्हणजे साठवलेल्या विजेवर, चालणाऱ्या पिशवीत गॅसनळी नसते, विमानप्रवासाला तीच सोयीची.

परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना दोन सूचना. युरोप-अमेरिकेतून दिल्लीपर्यंत एक तिकीट आणि पुढे श्रीनगरचं वेगळं तिकीट काढलंत तर दुसऱ्या तिकिटाला देशांतर्गत १५ किलोच लागू होतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा. दुसरी सूचना जास्त गंभीर आहे: तिकडे डोंगरात सर्रास वापरलं जाणारं उपग्रह संदेशयंत्र भारतात परवान्याशिवाय आणता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवाशाला यासाठीच अडवण्यात आलं होतं. हिमस्खलनात शोधासाठीचा ४५७ किलोहर्ट्झचा बीकन मात्र जरूर आणा. चालू असताना मोबाइल त्याच्यापासून २० सेंटिमीटर आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर हवा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं.

श्रीनगरहून परतताना विमानतळाच्या इमारतीपासून बरंच अलीकडे गाडी थांबवतात, सगळं सामान उतरवून एक्स-रेतून काढतात आणि आत पुन्हा तपासणी होते. लांब बॅगेला वेळ लागतो, तीन तास आधी पोहोचा. केबिन बॅगेचे नियम तिथे सुरक्षेच्या कारणाने ऐनवेळी कडक होऊ शकतात. येताना बुटांचं काही झालं तर निदान सहल बुडत नाही.

पहिल्या दिवशी वर जाऊ नका. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि गोंडोलाचं वरचं स्थानक ३,९०० मीटरच्या पुढे आहे. मुंबईतून निघालेला माणूस दुसऱ्याच सकाळी तिथे पोहोचला तर डोकं दुखणारच. वरच्या टप्प्यावर वाटाड्याशिवाय आणि सुरक्षापथकाने उतार खुला केल्याशिवाय उतरू नये. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश आणि २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू याच डोंगरावर हिमस्खलनात गेले. विम्याच्या कागदावर ‘आखलेल्या उताराबाहेर’ हे वगळलेलं नाही ना, ते शोधून वाचा. हाड मोडलं तर मोठा उपचार श्रीनगरला, बरझुल्ल्याच्या अस्थिरुग्णालयात होतो.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. गुलमर्गची सहल विकणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांना आपल्या पुरवणीतून तीन प्रश्न जाहीर विचारावेत: भाड्याच्या बुटांची मापं कुठपासून कुठपर्यंत आहेत, बाइंडिंग कोणत्या तळव्यांना चालतात, आणि हेल्मेट दरात धरलंय का. ही उत्तरं जाहिरातीतच छापली तर काय उचलून न्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे तिकीट काढण्याआधीच ठरवता येईल.

कळावे,
एक वाचक, पुणे