बाबांचा उजवा हात

नेरूळ, २४ एप्रिल

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी निघताना बोलायचं होतं, पण बाबा रिक्षा थांबवायला खाली गेले, आई डब्यात लोणचं भरत बसली आणि राहूनच गेलं. फोनवर बाबा "बरं, बरं" करून आईकडे देतात, म्हणून लिहितेय.

आधी सांगून टाकते, मग रागवा. बाबा, येत्या मंगळवारी साडेदहाची तुमची वेळ घेतलीय, नौपाड्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. पैसे भरलेत, मी रजाही टाकलीय. तुम्हाला न विचारता केलं, हे खरं. पण विचारलं असतं तर "पावसाळा होऊन जाऊ दे" म्हणाला असतात. गुडघ्याच्या वेळी असंच म्हणालात, आणि पुढे काय झालं ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे.

उजव्या कानशिलावरची ती खपली मला पाडव्यालाच दिसली होती. रविवारी तुमच्या डोक्याला तेल लावताना बोट फिरलं, तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. पडते आणि पुन्हा धरते, असं आई म्हणाली. महिनाभर मी गप्प राहिले, सणासुदीला घाबरवायला नको म्हणून. त्याची बोच अजून जात नाही.

डॉक्टरीणबाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षांच्या उन्हाने असे खरखरीत डाग येतात. पुष्कळसे तसेच राहतात, पण एखाद्याचं पुढे वाईट रूप होऊ शकतं, म्हणून हात लावून बघायचं. लागलंच तर जागा बधिर करून मसुराएवढा तुकडा तपासायला घेतील, किंवा द्रव नायट्रोजनने तिथल्या तिथे गोठवतील. ॲडमिट व्हायचं नाही. दुपारचं जेवण घरीच, आणि नंतर तुमची झोपही.

तुम्ही म्हणाल, आपण सावळी माणसं, आपल्याला उन्हाचं काय? सावळ्या कातडीला हे कमी होतं, मान्य. पण होतच नाही असं नाही. दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघा, बाबा. एकतीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोतून गाडी काढलीत, उजवं कोपर कायम खिडकीत. डावा हात अजून आजीच्या हातासारखा गव्हाळ आहे. उजवा मनगटापासून कोपरापर्यंत रापलेला, चिरम्या पडलेला, दहा वर्षांनी थोरल्या भावाचा वाटावा असा. लहानपणी रात्री तो डोक्यावरून फिरला की डोळे न उघडता कळायचं, बाबा बोरिवलीची शेवटची फेरी करून आले. त्याच हाताने मला आणि दादाला शिकवलं. आणि खपलीही त्याच बाजूला आहे, म्हणून मला स्वस्थ बसवत नाही.

रापली की कातडी कणखर होते असं आपण समजत आलो. खरं तर आत इजा झाली की ती झाकायला कातडी काळी पडते. इजा तशीच साठत राहते.

आता गॅलरीचं. "व्हिटॅमिन डी"साठी अकरा ते बारा बंद काचेमागे बसता ना? काचेतून "डी" तयार करणारे किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि कातडी रापवून सुरकुत्या पाडणारे मात्र येतात. म्हणजे फायदा नाही आणि नुकसान तेवढं होतं. डॉक्टरांनी दिलेली आठवड्याची "डी"ची कॅप्सूल चुकवू नका. तलावपाळीची फेरी बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, तिथे तुमचे मित्र आहेत. फक्त सकाळी साडेसहाला निघा, आठाला घरात.

मी पाच-सहा वर्षांची असताना मे महिन्यात डेपोच्या अंगणात भर दुपारी तुम्ही मला उभं केलं होतंत, आठवतं? "बघ, सावली पायाखाली लपली." मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. तोच हिशोब आता तुम्ही धरायचा. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की छत्री किंवा घर. ढग असले तरी. क्रिकेटची टोपी नको, तिच्यात कान उघडे राहतात. गोल काठाची कापडी टोपी आणि पूर्ण बाह्यांचे दोन सुती शर्ट मी आणतेय.

सनस्क्रीनही आणतेय, एसपीएफ ५०. ते बायकांचं क्रीम नाही, बाबा. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर पट्टी काढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. टक्कल, कान आणि हातांच्या पाठी यांना वेगळं. निघायच्या पंधरा मिनिटं आधी लावायचं, बाहेर राहिलात तर दोन तासांनी पुन्हा. आई, तूच लावून दे, ते चुकवतील.

आणि आई, वांगावर लिंबू चोळून गच्चीत पापड राखायला बसणं बंद. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते, डाग आणखी गडद होतात. शेजारच्या काकूंनी दिलेली गोरेपणाची ट्यूबही मंगळवारी पिशवीत घे. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं, चेहऱ्याची कातडी पातळ होते. काकूंना काही बोलू नकोस, त्यांनी मायेने दिलीय. तुझी साय-हळद चालू दे. परीक्षा संपल्या की मला न्हाणीघरात बसवून लावायचीस, तिचा वास अजून आठवतो.

बी.पी.च्या गोळीचं पाकीटही घ्या. त्यावर बारीक अक्षरात "हायड्रोक्लोरोथायझाइड" लिहिलेलं असेल तर त्या औषधाने कातडी उन्हाला जास्त हळवी होते. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बाबा, एक दिवससुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवू, मग आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारू.

मंगळवारी नेरूळहून लवकरची लोकल पकडून नऊच्या आत पोचते. दाढी आदल्या दिवशी करा, त्या जागेला ब्लेड लागायला नको, आणि खपली खरवडू नका. आई, नाश्त्याचं काही करत बसू नकोस, मी येताना इडल्या आणते. चहा मात्र तुझ्या हातचा, आल्याचा.

तुमची,
सोनू