ऑनलाइन एमबीए आणि बाबांची काळजी

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. आई, झोप पुरते आणि जेवणही वेळेवर होतं, त्यामुळे पहिली काळजी इथेच सोड. ऑफिसचं तेच ते, ते रविवारी फोनवर होतंच. हे पत्र मुख्यतः बाबांसाठी. "ऑनलाइन एमबीए म्हणजे घरबसल्या कागद विकत घेणं" असं तुम्ही म्हणालात आणि मी विषय बदलला. फोनवर मला वाद घालता येत नाही, लिहून येतो.

बाबा, मी नोकरी सांभाळून करतेय ती ही पदवी इलिनॉय विद्यापीठाची आहे. 2016 पासून ते ऑनलाइन एमबीए शिकवतात, आणि 2019 साली त्यांनी कॅम्पसवरचा पूर्णवेळ एमबीए बंद करायचं ठरवलं. तेव्हा हिला दुय्यम म्हणायचं तर मुख्य कुठली, ते तुम्हीच सांगा. सगळी फी मिळून साधारण 25,000 डॉलर. बॉस्टन विद्यापीठाने 2020 मध्ये असाच कोर्स 24,000 डॉलरला काढला. नावाजलेल्या कॉलेजात दोन वर्षं वर्गात बसायचं तर नुसती फी लाख डॉलरच्या पुढे जाते, शिवाय पगार बुडतो तो वेगळाच. इथे व्याख्यानं एकदाच रेकॉर्ड होतात आणि हजारोंना पुरतात, म्हणून स्वस्त पडतं. पण फसवाफसवी नाही. आठवड्याला प्राध्यापकांसमोर लाइव्ह तास असतो आणि गटात प्रोजेक्ट करावे लागतात. आमच्या गटातली एकजण लागोसहून जोडलेली असते. आमचे आठ वाजलेले असतात तेव्हा तिच्याकडे रात्रीचा एक, आणि ताळेबंदावर सगळ्यात जास्त तीच भांडते.

बोगस विद्यापीठं इथे आहेतच, तुमचं ते खरं. कामाच्या अनुभवावर काही आठवड्यांत पदवी देतो म्हणणारी. म्हणून आधी मान्यता बघायची. आमच्या कॉलेजला एएसीएसबीची मान्यता आहे. ही संस्था 1916 पासूनची आहे आणि बिझनेस स्कूलं तपासणं हेच तिचं काम.

आता नोकरीत ही पदवी कोण विचारतो? इथली एक गंमत सांगते, मला अजून तिची सवय झालेली नाही. इथे कोणी प्रमाणपत्र बघतच नाही! मी तिकडून येताना राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याच्या झेरॉक्सची ती जाड फाइल आणली होती ना, दहावीच्या गुणपत्रिकेसकट? नोकरी लागली तरी ती बॅगेतून बाहेर निघाली नाही. अर्जाच्या फॉर्मवर विद्यापीठ आणि पदवी निवडायची, बस्स. टक्के विचारत नाहीत, श्रेणी विचारत नाहीत. पुढे एक तिसरीच कंपनी पडताळणी करते. ती परस्पर विद्यापीठाकडून किंवा बहुतेक कॉलेजांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका संस्थेकडून नाव, पदवी आणि तारीख जुळवून घेते. वर्गात बसून केली की ऑनलाइन, असा रकानाच नाही, आणि पदवीपत्रावरही तसं लिहिलेलं नसतं. मला वाटलं होतं निदान मॅनेजर तरी विचारेल. तिने एवढंच विचारलं की हे शिकून आपल्या विभागाचं बजेट तू मांडशील का.

सगळीकडे असं नाही, तेही सांगते. बड्या सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका ठरावीक कॉलेजांच्या कॅम्पसवर जाऊन मुलं उचलतात, तिथे आमचा नंबर लागणं कठीण. पण मला तिकडे जायचंच नाहीये. आहे तिथेच वरची जागा हवी आहे, आणि तिच्या जाहिरातीत "मास्टर्स असल्यास प्राधान्य" असं लिहिलेलं आहे.

सरकार मानतं का, हा तुमचा दुसरा मुद्दा. भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठांची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने 2022 मध्ये पत्रक काढून स्पष्ट केलंय. माझी परदेशी, तिला ते लागू नाही. पण मी काही तिकडे सरकारी नोकरीचा अर्ज भरणार नाहीये.

मावशीच्या धाकट्याला मात्र आवर्जून सांगा: ऑनलाइन कोर्सवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एजंट काहीही सांगू दे, पैसे भरू नकोस म्हणावं.

आता पैशांचं. कंपनी वर्षाला 5,250 डॉलर देते, कारण तेवढ्या रकमेवर इथे कर लागत नाही. आधी मी भरायचे आणि ग्रेड दाखवल्यावर परत मिळतात. तीन वर्षांत 15,750 त्यांचे, उरलेले नऊ हजारांवर माझे. त्यामुळे यंदा घराच्या हप्त्याला मी निम्मेच पाठवू शकेन. बाबा, मुदतठेव मोडू नका, पुढच्या वर्षी मी भरून काढते. नक्की.

आणि एक अट आहे, ती फोनवर सांगायची राहिली. राहिली म्हणजे, सांगितली नाही. शेवटचा पैसा मिळाल्यापासून दोन वर्षांत नोकरी सोडली तर कंपनीने दिलेलं परत करावं लागतं. म्हणजे मी "दोन वर्षांत येते" म्हणाले होते त्यात आता भर पडणार. सुट्टीला येईनच, त्याला कोणाची आडकाठी नाही.

आई, त्या स्थळाकडच्यांनी पदवी "रेग्युलर" आहे का विचारलं, तर वरचं सगळं वाचून दाखव. परत कधी येणार हे विचारलं तर खरं तेच सांग, गोलमाल नको. थांबायची त्यांची तयारी नसेल तर नाही म्हणू देत, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मुलाशी बोलायला माझी ना नाही. इथल्या शनिवारी सकाळी त्याला फोन करायला सांग, गुरुवारी माझा तास असतो.

तुमची,
ताई