महिदपूरचा पोवाडा ऐकला त्याबद्दल

इंदूर, रामबाग

प्रिय मेधा,

अगं फोनवर सांगणार होते पण सांगताना रडायलाच आलं असतं म्हणून लिहितेय. रविवारी इथे एका जुन्या वाड्याच्या अंगणात पोवाडा ऐकला. तू म्हणशील त्यात काय, शिवजयंतीला दरवर्षी ऐकतोच की. पण हा शिप्रेकाठच्या महिदपूरचा होता गं! होळकर इंग्रजांशी लढले आणि हरले, त्या आपल्या हरलेल्या लढाईचा. असा पोवाडा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

थंडी जाम होती, डफ उतरत होता, म्हणून शाहीर दर थोड्या वेळाने तो शेगडीवर धरायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, नाही पटलं की परत धरायचे, आणि तोवर तुणतुणंवाला पोरगा एकटाच ती एक तार छेडत बसायचा. सगळं अंगण त्या तारेवर थांबलेलं. मग डफावर थाप पडली की मागचे झिलकरी एकदम जी जी रं जी करून उचलायचे, अंगावर काटाच.

सुरुवात यशवंतराव होळकरांपासून केली. १८०४ मधे इंग्रज सेनापती मॉन्सनच्या फौजेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पळवलं, मग भानपुऱ्यात तोफा ओतायचं काम आणि तिथेच १८११ मधे मृत्यू. हे जोरात झालं, टाळ्या पण पडल्या. आणि मग चाल उतरली. गादीवर यशवंतरावांचा लहानगा मुलगा मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हातात, आणि लढाईच्या तोंडावर आपल्याच माणसांनी शिप्रेकाठी त्यांचा जीव घेतला. मेधा, पोवाड्याचा तो भाग चालू असताना एक टाळी नाही वाजली. मागे कुणीतरी नुसतं अरेरे म्हटलं तेवढंच. २१ डिसेंबर १८१७, समोर इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम, आणि आपल्या बाजूला यशवंतरावांची मुलगी भीमाबाई घोड्यावर. विधवा, तरुण पोर. शाळेत आपल्याला हिचं नाव तरी सांगितलं का कुणी? १८१८ ला पेशवाई गेली की आपला धडा संपायचा, आणि आपण राहायचो कुठे तर होळकरांच्या इंदुरात!

माझी आजी काही बिनसलं की म्हणायची "महिदपूरला घात झाला तसा झाला". मला ती नुसती म्हण वाटायची. रविवारी कळलं की घात म्हणजे काय ते. होळकरांचाच सरदार गफूरखान ऐन लढाईत निघून गेला असं सांगतात, आणि मग हरल्यावर इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहात त्याला जावरा संस्थान पक्कं करून दिलं. याच तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपल्या इंदूरचा राजधानी म्हणून सगळा थाट त्या पराभवानंतरचा आहे गं, हे ऐकून मी सुन्नच झाले.

मला शाहिरांचं सगळ्यात काय आवडलं सांगू, भीमाबाई माल्कमच्या अंगावर घोडा घालते तो प्रसंग गायच्या आधी ते थांबले आणि म्हणाले, मंडळी हे कागदात नाही, हे मी लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे, तसंच ऐका. आणि मग काय गायले! आपले जुने पोवाडे तरी कुठे कागदावर होते, गोंधळ्यांच्या तोंडीच होते, १८९१ मधे ॲकवर्थ नावाचा इंग्रज आणि शाळिग्राम यांनी गोळा करून छापले तेव्हा कुठे ते पुस्तकात आले. पण गाणाऱ्यानं एवढं सरळ सांगितलं की विश्वास वाढतोच, माझा तरी वाढला. पुस्तकात वाचलं असतं तर पान उलटून पुढे गेले असते, इथे उठून जाताच येत नव्हतं, शेजारच्या काकू माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या, ओळख ना पाळख.

नंतर सराफ्यात तळलेले गराडूचे कंद खाल्ले, जिरावण मसाला घालून, तुझी खूप आठवण आली.

ऐक, आता ही मंडळी महिदपूरलाच जाऊन गाणार आहेत, शिप्रेच्या काठी. तारीख ठरली की कळवते, पुण्याहून रात्रीची बस पकड, सकाळी मी घ्यायला येते. आईंना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझी
वसू