गॅस डिटेक्टर रात्री बंद करू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या राजारामपुरीत हल्ली बऱ्याच किचनमध्ये गॅस डिटेक्टर दिसायला लागलाय, चांगलंच आहे, पण झोपताना फ्रिज सोडून सगळी बटणं बंद करायची आपली सवय, त्यात हा पण बंद होतो, मग रात्री गळती झाली तर तो भिंतीवर असून काय उपयोग?

त्या डबीत जाळीमागं टिन ऑक्साइडचा थर असतो, त्याला लागून बारका हीटर, तो थराला तीनेकशे डिग्रीपर्यंत तापवतो. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो म्हणून करंट कमी जातो. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी रिॲक्ट होतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, रेझिस्टन्स झपकन उतरतो आणि बझर वाजतो, एवढंच. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 सालीच याचं पेटंट घेतलंय. थर थंड असेल तर यातलं काही धड होत नाही. आणि सकाळी बटण चालू केलं की लगेच काम सुरू असंही नाही, आधी तो तापून स्थिर व्हावा लागतो, त्यात आपल्याकडचा पावसाळा, बंद सेन्सरवर ओल बसते ती वेगळीच. बिलाचं म्हणाल तर दोन वॅट धरले तरी महिन्याला दीड युनिट होत नाही हो!

दुसरं म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर पाहिजे. पाइपच्या गॅसचा मात्र वर, छताजवळ, कारण त्यातला मिथेन हलका. दुकानात हे कुणी विचारत पण नाही, बसवणारा दिसेल त्या सॉकेटला लावून मोकळा.

डासांचा स्प्रे, सॅनिटायझर यानंपण तो वाजतो, वैतागून काढू नका, थोडं लांब मारा. पण सिंकच्या कडेला सिलिकॉन भरताना तेवढा वेळ तो दुसऱ्या खोलीत न्या, त्याची वाफ थरावर बसली की सेन्सर कायमचा बाद होतो आणि हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो.

वाजला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन 1906 ला फोन. विक्रेत्यांना कळकळीची विनंती, बॉक्सवर एवढं मराठीत छापून द्या.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर