सूचना : खेळाडूंचं व्यावसायिक ज्ञान आणि आपला खेळ

सर्व सभासदांना, विशेषतः डन्जन मास्टरांना, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना,

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आपण टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतो आणि मिळून गोष्ट रचतो. आपल्या टेबलावर डॉक्टर आहेत, वकील आहेत, गिर्यारोहक आहेत. ही आपली श्रीमंती आहे, ती वापरा. कड्यावरून दोराने उतरायचा प्रसंग रचत असाल तर गिर्यारोहकाशी आधी बोला. दोर कुठे घासतो, हात कधी थकतात हे कळलं की वर्णनात जीव येतो.

नियम मात्र नियमच. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांनुसार आठ तासांच्या दीर्घ विश्रांतीनंतर पात्राने गमावलेले सगळे हिट पॉइंट, म्हणजे त्याची जीवनशक्ती मोजणारे गुण, परत मिळतात. डॉक्टरांना हे खटकणारच, पण त्यावर खेळ थांबवू नका. डन्जन मास्टरने तिथल्या तिथे निर्णय द्यावा; चर्चा करायची ती खेळाचं सत्र संपल्यावर.

रसायनशास्त्र शिकलेल्या खेळाडूचा रानटी योद्धा अचानक बंदुकीची दारू बनवायला निघाला, तर हे त्या पात्राला कुठून ठाऊक, एवढंच प्रेमाने विचारा. पात्राच्या पूर्वायुष्यात बसत नसेल तर नाही म्हणा.

आणि एक कळकळीची विनंती : दिवसभर रुग्ण पाहून आलेल्या माणसाला टेबलावरही जखमांबद्दल विचारत बसू नका. कुणाला आपल्या विषयावर बोलायला आवडतं आणि कुणाला नको असतं, हे पहिल्या सत्राआधीच विचारून ठेवा.