सोसायटीचे दप्तर आणि बॅकअप

महोदय,
लहान गृहनिर्माण संस्थांचे दप्तर हल्ली सचिवाच्या घरच्या कॉम्प्युटरवर असते. आमचेही, गोरेगावात. ऑडिटच्या तोंडावर पेन ड्राइव्ह शोधत बसण्यापेक्षा विंडोजमधली ‘फाइल हिस्ट्री’ सुरू करावी. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असली की ती दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत घेते. मात्र डी ड्राइव्हवरचे फोल्डर ती आपणहून धरत नाही. ते विंडोजच्या ‘लायब्ररी’ या फोल्डर-गटात घालावे लागते. (टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नेमका कुठे आहे, तेही आधी बघा.) आमचे खजिनदार वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर, निर्धास्त. इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते, रिसायकल बिनमध्ये 30 दिवस राहते, एवढेच! तळमजलावाल्यांनी 26 जुलै 2005चा पूर आठवून दुसरी प्रत वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी द्यावी, तीही पासवर्ड लावून. सभासदांचे आधार क्रमांक त्यात असतात.

– एक मानद सचिव, गोरेगाव (पूर्व), मुंबई